प्रोग्रामिंग पोटासाठी की हौसेसाठी? सोसायटीच्या बिलांवर बारा आठवड्यांची चाचणी

शनिवार, ४ जानेवारी २०२५

प्रश्न: हिशेबनीसाची नोकरी सोडून प्रोग्रामिंगच्या नोकरीकडे वळायचे, की हे हौसेचे काम म्हणूनच ठेवायचे. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची तोंडओळख झालेली आहे: लूप, फंक्शन, डिक्शनरी, फाइल वाचणे-लिहिणे. ऑनलाइन कोडी सोडवून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. कोडे सुटले की संपते, दुसऱ्या दिवशी त्याबद्दल कोणाचा फोन येत नाही. म्हणून ज्यामागे वापरणारा माणूस आहे असे काम निवडले: पुण्यातल्या ४८ सदनिकांच्या सोसायटीची तिमाही मेंटेनन्स बिले. खजिनदारकाका ती सध्या एक्सेलमध्ये करतात. एप्रिल-जूनची बिले नव्या प्रोग्राममधून काढायची, म्हणजे ३१ मार्चची मुदत आपोआपच आली.

वेळ आठवड्याला आठ तास: शनिवारी चार, मंगळवारी आणि गुरुवारी रात्री दोन-दोन. एकूण ९६. पहिले चार आठवडे आपल्या मर्जीने काम, पुढचे चार खजिनदार सांगतील तसे, शेवटचे चार दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमध्ये. नोकरीत या तिन्हींची वाटणी उलट्या क्रमाने असते, हे ध्यानात ठेवून.

वेळवहीत पाच रकाने: नवा कोड, चुका शोधणे, वाचन, वापरणाऱ्याशी बोलणे, बसवणे-राखणे. नोंद १५ मिनिटांच्या पटीत. ठरल्याहून जास्त वेळ बसणे झाले तर शेजारी अधिकची खूण, काम पुढे ढकलले तर वजाची. ‘आवडले का’ हा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. प्रोग्राम चालला त्या रात्री तो सगळ्यांनाच आवडतो.

मंगळवार, ७ जानेवारी

एसक्यूलाइट या एका फाइलमध्ये मावणाऱ्या डेटाबेसमध्ये चार तक्ते: सदनिका, सभासद, आकारणी, जमा. सभासद आणि सदनिका वेगळे ठेवले, कारण सदनिका विकली जाते तेव्हा थकबाकी सदनिकेच्या खात्यावर दिसली पाहिजे आणि जुन्या पावत्या जुन्याच नावावर राहिल्या पाहिजेत.

एसक्यूलाइटची एक खोड: परकीय किल्लीची (एका तक्त्यातली नोंद दुसऱ्यातल्या नोंदीला बांधणाऱ्या दुव्याची) तपासणी मुळात बंद असते, ती प्रत्येक जोडणीच्या सुरुवातीला चालू करावी लागते. तसे न केल्याने चाचणीत एक सदनिका खोडली गेली आणि तिच्या तीन जमा नोंदी निराधार राहिल्या. एरर नाही, इशारा नाही.

सभासदांची यादी जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये आहे. फॉन्ट नसलेल्या संगणकावर नावांच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो, कारण ती युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांच्या सामाईक अक्षरसंकेतात, नाही. रूपांतर करणारा प्रोग्राम लिहायचा मोह होता. जोडाक्षरे धरून एक पूर्ण दिवस गेला असता. ४८ नावे हाताने टाइप केली, ४० मिनिटे लागली. हौस असती तर तो प्रोग्राम लिहिणे योग्यच होते. मुदत असताना नाही.

शनिवार, ११ जानेवारी

पैसे दशांशात ठेवू नयेत. ४.३५ ला १०० ने गुणले की पायथॉनमध्ये ४३४.९९ आणि पुढे नवांची शेपटी येते. त्याचा पूर्णांक केला की ४३४, एक पैसा गायब. ४.३५ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी मांडता येत नाही, म्हणून हे होते. उपाय: सगळ्या रकमा पैशांमध्ये, पूर्णांक म्हणून साठवायच्या आणि रुपये फक्त छापताना करायचे. एक्सेलमधून येणारी रक्कम आधी मजकूर म्हणून घ्यायची, टिंबावर तोडायची, मग दोन्ही भाग पूर्णांकात बदलायचे.

सुखद धक्का: ‘४५००’ असे देवनागरी अंक पायथॉन थेट संख्या म्हणून स्वीकारते. ‘४,५००’ मात्र नाही. स्वल्पविराम आधी काढावा लागतो. छापताना उलटी अडचण: तयार मांडणी हजारांचे गट करते, लाखाचे नाही. शेवटचे तीन अंक बाजूला काढून उरलेल्यांचे दोन-दोनचे गट करणारे नऊ ओळींचे फंक्शन लिहिले.

शनिवार, १८ जानेवारी

आकारणीचे नियम. आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण सोसायट्यांची नमुना नियमावली) सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान, पाणी नळांच्या हिशेबाने, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या बांधकामासाठीची साठवण) बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. बांधकाम खर्च ₹८,००,००० धरलेल्या सदनिकेला सिंकिंग फंड वर्षाला ₹२,०००, तिमाहीला ₹५००. दुरुस्ती निधी तिमाहीला ₹१,५००. मासिक वर्गणी सभासदामागे ₹७,५०० च्या आत असल्याने जीएसटीचा प्रश्न नाही.

दर कोडमध्ये लिहायचे नाहीत. वेगळा तक्ता, प्रत्येक दराला ‘लागू दिनांक’. नाहीतर पुढच्या वर्षी दर बदलला की मागच्या वर्षीचे बिल पुन्हा छापताना आकडा बदलतो आणि लेखापरीक्षक नेमके तेच बिल मागतो.

गुरुवार, २३ जानेवारी

थकबाकीवरचे व्याज. या सोसायटीचा दर वर्षाला २१ टक्के, सरळ व्याज. आदर्श उपविधींतली कमाल मर्यादाही तेव्हा तीच होती. पहिल्या मांडणीत थकबाकीचा एकच रकाना होता. ₹४,५०० थकले तर पहिल्या तिमाहीचे व्याज ₹२३६.२५, बरोबर. दुसऱ्या तिमाहीत तोच रकाना ₹४,७३६.२५ झाला आणि व्याज आले ₹२४८.६५. सरळ व्याजाचे चक्रवाढ झाले! मुद्दल थकबाकी आणि व्याज थकबाकी असे दोन रकाने केले, व्याज फक्त पहिल्यावर.

लगेच दुसरा प्रश्न: आलेली रक्कम आधी कशात वळती करायची? आणि तिसरा: तिमाही म्हणजे तीन महिने की दिवस? जानेवारी-मार्च २०२५ चे ९० दिवस धरले तर तेच व्याज ₹२३३.०१ येते. फरक ₹३.२४. यांतले एकही उत्तर पायथॉनच्या पुस्तकात नाही. खजिनदारांसाठी प्रश्नांची यादी सुरू केली.

दोन तास ठरले होते, साडेतीन झाले. अधिकची खूण.

शनिवार, १ फेब्रुवारी

पहिला टप्पा संपला. ३२ तासांपैकी नवा कोड १६, चुका ९, वाचन ४, बोलणे १, बसवणे २. आकडे गोड दिसतात, पण यावरून काही ठरवू नये. स्वतःच मालक, स्वतःच गिऱ्हाईक, असाच हा टप्पा होता. बरेच जण इथेच थांबतात आणि नोकरी अशीच असेल असे समजून राजीनामा देतात.

शनिवार, ८ फेब्रुवारी

खजिनदारकाकांबरोबर दीड तास. प्रोग्राममध्ये ‘मालक राहतो / भाडेकरू राहतो’ अशी खूण होती आणि भाडेकरू असेल तर सेवाशुल्काच्या १० टक्के नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचे शुल्क. यादीत अशा ११ सदनिका. काकांनी वही न उघडता तीन खोडल्या: एकीत मालकाचे आई-वडील, एकीत बहीण, एकीत मुलगी-जावई. जवळच्या नातलगांना हे शुल्क लागत नाही. म्हणजे दोन पर्याय पुरत नाहीत, चार हवेत: मालक, नातलग, भाडेकरू, बंद.

दोन पर्यायांच्या खुणेवर सात फंक्शन उभी होती. ती सगळी बदलावी लागली, तीन तास. कोड लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारले असते तर हे वाचले असते: ‘याला अपवाद आहे का?’ आणि ‘गेल्या वर्षी यावरून वाद झाला का?’ दुसऱ्या प्रश्नाला माणसे जास्त खुलून उत्तर देतात.

बाकी उत्तरे: जमा आधी व्याजात, मग मुद्दलात. व्याज महिन्यांवर, दिवसांवर नाही. दोन्ही ठराव सभेच्या इतिवृत्तात आहेत. तारखा कोडमधल्या टिपेत लिहिल्या.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

जानेवारी-मार्चची जुनी बिले नव्या प्रोग्रामने पुन्हा काढून एक्सेलशी ताडली. एकूण फरक ₹२४. एवढ्यासाठी कशाला डोके शिणवायचे, असे वाटेल; पण कारण न कळलेला फरक कधीच ₹२४ वर थांबत नाही.

कारण असे: सेवाशुल्क महिना ₹१,२४५, त्याचे १० टक्के ₹१२४.५०. एक्सेल त्याचे १२५ करते. पायथॉनचे राउंड मात्र बरोबर अर्ध्यावर असताना जवळच्या सम संख्येकडे जाते, म्हणून १२४. महिन्याला एक रुपया, तिमाहीला तीन, आठ सदनिका, ₹२४. उपाय: १२,४५० पैशांत ५० मिळवून १०० ने पूर्णांक भागाकार, उत्तर १२५. ही तपासणी पायटेस्टमध्ये (कोडच्या चाचण्या, म्हणजे टेस्ट, आपोआप चालवणारे साधन) कायमची घातली.

अडीच तास गेले, आणि पाणी प्यायलाही उठणे झाले नाही. अधिक.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मराठी बिल. रिपोर्टलॅब या पायथॉनच्या लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) काढलेल्या पीडीएफमध्ये ‘चिंचवड’ची वेलांटी अक्षरामागे गेली आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहिली. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवलेली असते. ती आधी दाखवणे हे अक्षरजुळणी करणाऱ्या इंजिनाचे काम, आणि इथे ती पायरीच चालत नव्हती. नोटो सॅन्स देवनागरी फॉन्ट घालूनही काही होत नाही, कारण दोष फॉन्टचा नाही.

वीझीप्रिंट ही दुसरी लायब्ररी पँगो हे अक्षरजुळणीचे इंजिन वापरते, त्यात अक्षरे नीट आली. चार तासांत बिलाचा नमुना तयार.

गुरुवार, २० फेब्रुवारी

‘कुऱ्हाडे’ शोधले तर सापडत नाही, यादीत तर दिसतात. ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. युनिकोडचे प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करणारी पायरी) हा फरक मिटवत नाही. नाव साठवताना आणि शोधताना दुसऱ्याचे पहिल्यात रूपांतर करणारी ओळ स्वतः लिहावी लागते. ‘ॲ’ आणि अ वर चंद्र यांचेही तसेच.

क्रम लावतानाही गंमत. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्यामध्ये आहे, आपल्या वर्णमालेत ह च्या नंतर. त्यामुळे ‘काळे’ ‘कावळे’च्या आधी आले. स्वतःची क्रमकिल्ली लिहिली.

शनिवार, २२ फेब्रुवारी

काकांच्या विंडोज लॅपटॉपवर बसवायला गेल्यावर वीझीप्रिंट उठेना. पँगो आणि सोबतची फाइल-वरात विंडोजवर वेगळी बसवावी लागते. बसवली, तर एक आवृत्ती जुळेना. सगळे गुंडाळून एकच चालणारी फाइल केली, तर अँटिव्हायरसने ती संशयास्पद म्हणून उचलून बाजूला ठेवली. तीन तास.

शेवटी पीडीएफ लायब्ररीच काढून टाकली. प्रोग्राम एचटीएमएल फाइल तयार करतो, काका ती क्रोममध्ये उघडून प्रिंट देतात. ब्राउझरला देवनागरी उत्तम येते. प्रत्येक बिलानंतर पान तोडायची एक सूचना पुरली. मागच्या शनिवारचे चार तास वाया गेले म्हणायचे, पण प्रोग्राम १८० ओळींनी कमी झाला.

सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर) एक्सेलमध्ये उघडली की मराठीचा चिखल होत होता. यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) फाइलच्या सुरुवातीला बॉम ही ओळखखूण घातली की एक्सेल नीट वाचते.

डेटाबेसची फाइल क्लाउडशी जुळणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नये. प्रोग्राम लिहीत असतानाच ती अर्धवट वर जाऊ शकते. रोज एसक्यूलाइटच्या बॅकअप आज्ञेने वेगळी प्रत काढायची आणि फक्त ती प्रत वर पाठवायची.

शनिवार, १ मार्च

तिसरा टप्पा. अंक आणि रकमा छापणारी एक मुक्तस्रोत (कोड सगळ्यांना खुला असलेली) पायथॉन लायब्ररी घेतली, सुमारे ४० हजार ओळी. नोंदवलेली तक्रार: ऋण रकमेत लाखाचे गट चुकतात.

क्रम ठरलेला असावा. कोडला हात लावण्याआधी सगळ्या टेस्ट चालवायच्या. तीन आधीच नापास निघाल्या, विंडोजवर ओळ संपल्याची खूण वेगळी असते त्यामुळे. हे लिहून ठेवले नसते तर पुढे ते आपलेच पाप वाटले असते. मग मुख्य फाइलपासून वाचत न जाता, त्या फंक्शनच्या टेस्टपासून सुरुवात. मग गिट ब्लेमने (कोडच्या प्रत्येक ओळीचा इतिहास दाखवणारी आज्ञा) ती ओळ कधी आणि कोणत्या कारणाने आली ते पाहणे.

मंगळवार, ४ मार्च. ढकलले. वजा.

गुरुवार, ६ मार्च. ढकलले. त्याऐवजी बिलाच्या समासाची दुरुस्ती, जी कोणी मागितली नव्हती. वजा.

शनिवार, ८ मार्च

चूक सापडली: उणे चिन्हालाही अंक समजून मोजले जाते. बदल दोन ओळींचा. तो कुठे करायचा हे कळायला पाच तास.

शनिवार, १५ मार्च

पाठवलेल्या बदलावर लायब्ररीच्या तपासणाऱ्यांचे शेरे आले: टेस्ट जोडा, जाता जाता बदललेली चलांची नावे परत पूर्ववत करा, दोन बदल एका कमिटमध्ये (एका वेळी नोंदवलेल्या बदलात) नकोत. तिन्ही शेरे रास्त. नावे जुनी वाईट होती हे खरे, पण ती बदलली की तपासणाऱ्याला दोन ओळींऐवजी साठ वाचाव्या लागतात. पुन्हा दोन तास. दोन ओळींसाठी एकूण सात तास झाले. नवशिक्याच्या नोकरीचे पहिले वर्ष बरेचसे असेच असते.

मंगळवार, १८ मार्च

बाजाराची नोंद, थोडक्यात. मोठ्या सॉफ्टवेअर सेवा कंपन्यांत नवख्याला वर्षाला साधारण साडेतीन लाख, हे वर्षानुवर्षे फारसे हललेले नाही. नोटीस अनेकदा ९० दिवसांची. काही ठिकाणी बाँडही, तो सही करण्याआधी पूर्ण वाचावा. सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेचा प्रगत संगणनाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम पूर्णवेळ आणि सुमारे सहा महिन्यांचा, प्रवेश सी-कॅट परीक्षेतून. म्हणजे सहा महिन्यांचा पगार आणि शुल्क, दोन्ही खर्चात धरायचे.

चार-सहा सोसायट्यांना हाच प्रोग्राम देऊन जोडधंदा? सेवांसाठी ₹२० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, तो अडथळा नाही. खरा अडथळा कॅलेंडरचा. सगळ्या सोसायट्यांचे फोन १ एप्रिलच्या आठवड्यात येणार, आणि हिशेबनीसाची वर्षअखेर त्याच आठवड्यात.

शनिवार, २२ मार्च

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनीसाला आजवर मुद्दाम बाजूला ठेवले होते. आज ‘थकबाकीवर २१ टक्के व्याज काढ’ एवढेच सांगितले. अर्ध्या मिनिटात नीटनेटके फंक्शन आले: रकमा दशांशात, व्याज दिवसांवर, आणि मागचे व्याज मुद्दलात मिळवलेले. जानेवारीतल्या चुकांचे हे जणू संमेलनच होते. आपल्या टेस्टपैकी चार नापास. मग सभेचे ठराव, पैशांचा नियम आणि दोन रकाने सांगितल्यावर ते दुसऱ्या फेरीत बरोबर आले.

टेस्ट नसत्या तर पहिली फेरीच छापली गेली असती. ₹४,५०० वर पहिल्या तिमाहीत ती अगदी पटण्यासारखी दिसते. नवा कोड हा रकाना यापुढे आणखी आकसणार, असे धरूनच नोकरीचा विचार केलेला बरा.

शनिवार, २९ मार्च

९६ तासांचा ताळा: नवा कोड २७, चुका २४, वाचन १९, बोलणे १४, बसवणे-राखणे १२.

खुणा: चुका शोधण्यात नऊ अधिक. बोलण्यात सहा अधिक. नव्या कोडमध्ये चार अधिक. बसवण्यात तीन वजा. वाचनात, म्हणजे मुख्यतः दुसऱ्याच्या कोडमध्ये, आठ बैठकींपैकी पाच वजा.

नऊ अधिक पुन्हा तपासले. त्यांतले सात व्याज, जमा किंवा गोळाबेरीज यांच्या चुकांचे; म्हणजे ओढ संगणकापेक्षा हिशेबाची. विंडोजवरच्या चुकांना एकही अधिक नाही. सॉफ्टवेअर कंपनीत दिवसाचा मोठा भाग ज्या रकान्यात जातो, तिथेच पाच वजा आहेत. चार आठवड्यांत सवय लागत नाही हे मान्य, पण पगार सोडून पाहण्याइतका पुरावा इथे नाही.

निर्णय: सी-कॅटचा अर्ज भरायचा नाही. नोकरी तीच. कार्यालयातला मासिक बँक ताळमेळ दोन दिवस खातो. तो पायथॉनवर आणण्याची परवानगी मागायची, लेखी, डेटा कार्यालयाबाहेर न नेण्याच्या अटीसह. मुक्तस्रोत लायब्ररीत महिन्याला एक छोटी तक्रार घ्यायची आणि खुणा चालू ठेवायच्या. २८ जूनला त्या पुन्हा मोजायच्या. वाचनाचे वजा दोनवर आले तर प्रश्न पुन्हा उघडायचा.

सोमवार, ३१ मार्च

४८ बिले छापली. एकूण रक्कम काकांच्या एक्सेलशी पैशापर्यंत जुळली. संध्याकाळी फोन: सी-२०४ चे बिल जुन्या मालकाच्या नावावर. सदनिका १२ मार्चला हस्तांतरित झालेली, नोंद एक्सेलमध्ये होती, डेटाबेसमध्ये नव्हती. नाव बदलले, एक बिल पुन्हा छापले, १० मिनिटे, ‘बसवणे-राखणे’मध्ये.

राहिलेले: हस्तांतरणाचा फॉर्म, १ एप्रिलच्या बॅकअपची प्रत पेनड्राइव्हवर, काकांसाठी एका पानाची मराठी सूचना, प्रिंट देताना समास ‘काही नाही’ निवडायचा हे ठळक अक्षरांत.